म्हातारी फुगली, त्याची हकीकत

थोरले साडूसाहेब यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. हात गंजानं आणि स्पिरिटनं माखलेले आहेत, तेव्हा ते कोपरापासून जोडले आहेत असं समजून घ्यावं.

नुकतीच एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती केली. ती मला कितीला पडली ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा राग बेताचा राहील. झाकणाचे स्क्रू गंजून बसले होते, ते काढताना माझ्या आवडत्या स्क्रूड्रायव्हरचं टोक गेलं. आतली साफसफाई करताना तुमच्या मेहुणीचा दात घासायचा ब्रश गेला (तो टाकून दिलेला आहे असा माझा समज होता, नवा आहे हे तिनं तोंडात घातल्यावर कळलं). एक पांढरा शर्ट बाहीपर्यंत हिरवा झाला. आणि सासूबाई गेल्या. म्हणजे तुमच्याकडे गेल्या. (हे पत्र ताईंना मोठ्यानं वाचून दाखवणार असाल, तर मागच्या दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबू नका.) सुट्या भागांचं म्हणाल तर ते इतके किरकोळ होते, की त्यांचं नाव या यादीत घ्यायला लाज वाटते.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरता का, की अजून लोकांना दाखवायला मोकळे चढता? ताईंचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. आईंची झोप कशी आहे, हे मी मुद्दाम विचारत नाही, कारण मी विचारलं हे त्यांना कळेल, आणि कळलं तर त्या 'बरी आहे म्हणावं' एवढंच सांगतील, आणि मग मला झोप लागणार नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुमची मेहुणी माझ्याशी बोलते, पण दुकानात आलेल्या परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. हे सगळं घडलं तेच मुळी फोनमुळे. शिवाय मागच्या फोनला तुम्ही 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' असं म्हणून फोन ठेवलात. साडूसाहेब, तुम्ही जन्मभर कचेरीत बसून दोन्ही बाजू वाचल्याशिवाय कधी कागदावर शेरा मारला नाहीत, असं तुमच्याच तोंडून ऐकलंय. या खेपेला शेरा आधी मारून झालाय, तर निदान दुसरी बाजू मागाहून फाईलला लावा, एवढंच मागणं.

आता तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहे, पण तो तुम्ही नेहमी 'गाड्यांमध्ये गाणी बसवतो' असा एका ओळीत उरकता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी शाळेत फार टिकलो नाही. फुटपाथवर पत्र्याच्या पेटीवर बसून रेडिओ उघडत मोठा झालो, आणि आज भर रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान आहे, त्यावर 'आमचा कान, तुमचं समाधान' असा बोर्ड आहे, आणि बोर्डावर रंगाऱ्यानं काढलेला माणसाएवढा एक कान आहे. बाजारात मला 'कानवाले' म्हणतात. गाडीतले स्पीकर, त्यांना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, त्यांच्या तारा, हे सगळं बसवून झालं की बाकीचे दुकानदार यंत्रं लावून आवाज मोजतात. मी नुसता बसतो, ऐकतो, बटणं फिरवतो. गिऱ्हाईक थक्क होऊन जातं. मागे तुमच्याकडे जेवताना मी म्हणालो होतो, की पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर तिची रिंग नवी आहे की जुनी, हे मी इथं बसून सांगेन. तेव्हा तुम्ही भाताकडे बघत होतात, पण ऐकलं असणार.

दुसरी एक गोष्ट तुम्ही नक्की विसरला असाल, पण पुढे लागणार आहे, म्हणून सांगतो. तारेला काळी टेप गुंडाळली की मी टेपचं शेवटचं टोक थोडंसं दुमडून ठेवतो. पुढच्या वेळी सोडवताना नखानं खरवडत बसावं लागत नाही, टोक आपणहून हातात येतं. आमच्या धंद्यात दुसरं कोणी हे करत नाही. दुमडलेलं टोक दिसलं, की काम माझं, हे सगळा बाजार ओळखतो. याचा मला फार अभिमान होता.

तर म्हातारीची गोष्ट. म्हातारी म्हणजे माझ्या स्वतःच्या गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर. जाड, जड, वर पंख्यासारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या, आणि आवाज असा की ऐकून गिऱ्हाइकांनी हातातला नवा डबा परत ठेवावा. लाडानं मी तिला म्हातारी म्हणतो. ती पुढच्या डाव्या सीटखाली बसवलेली आहे, आणि त्या सीटवर आई बसतात. सासरे गेल्यापासून आई आमच्याकडे आहेत आणि माझ्या गाडीतली ती सीट त्यांची आहे. सकाळी माझ्याबरोबर दुकानात येतात, दारापाशी त्यांची वेताची खुर्ची आहे, तिच्यावर बसून विणतात, आणि दुपारी जेवायला माझ्याबरोबर परत येतात. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोटघोट प्यायला सांगितलंय, त्याची बाटली कायम हातात असते. बाटली लक्षात ठेवा.

मध्यंतरी आई म्हणायला लागल्या, 'जावईबापू, गाडीत पायाशी ओल लागते.' मी म्हटलं, 'आई, वयानं पाय गार पडतात.' मग एक दिवस म्हणाल्या, 'तुमचा डावीकडचा गाणारा पाण्यात उभा राहून गातोय.' मी म्हटलं, रेकॉर्डिंगच तसं आहे. आणि मग सुट्टीच्या दिवशी सकाळी डावीकडचा गाणारा एकदम गप्प झाला. मला वाटलं तार सुटली असेल. तार नीट होती. फ्यूज बघितला, शाबूत. तारांची अदलाबदल केली, तरी डावी बाजू मुकी. म्हणजे रोग स्पीकरमध्ये नव्हता, म्हातारीच्या पोटात होता. तिला सीटखालून सोडवली आणि घरात आणून मागच्या खोलीतल्या टेबलावर आडवी केली.

यंत्र उघडणं ही नुसत्या हाताची गोष्ट नाही, हे तुम्हाला मी किती वेळा सांगितलंय. आधी बाहेरून बघायचं. तारा जिथं आवळतात तिथल्या पितळी तोंडांवर हिरवी निळी बुरशी चढली होती, मोराच्या पिसासारखी, बघायला सुंदर. हे पाणी लागल्याचं लक्षण. मग हुंगायचं. वास आला तो शिळ्या मासळीचा, आणि साडूसाहेब, यंत्राला मासळीचा वास आला की समजायचं, आत कॅपॅसिटर फुटलेत. कॅपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारी छोटी डबडी, औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांसारखी उभी असतात. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. बिघडली की डोकं वर येतं, त्याला आम्ही 'फुगली' म्हणतो. आणि आणखी बिघडली की बुडातून पातळ द्रव गळतो, त्याला 'पाणी सोडलं' म्हणतो. झाकण काढून बघतो तर काही फुगलेली, काही पाणी सोडलेली. ते पाणी खालच्या तांब्याच्या बारीक रेघांवर पसरून रेघा खाऊन टाकलेल्या. मीटर लावून बघितलं, तर डावी बाजू ओढणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोडीतला एक जळून आरपार झालेला. आणि कडेला सगळीकडे पांढरी भुकटी.

एवढं झाल्यावर मी सुटे भाग विकणाऱ्याला फोन लावला. त्याला बाजारात फ्यूजदादा म्हणतात. (मी फोन नेहमी टेबलावर ठेवून, स्पीकर पुरा मोठा करून बोलतो. हात मोकळे राहतात.) आई पुढच्या खोलीत विणत होत्या, दार उघडं होतं. आमचं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं देतो, आणि त्यात एक शब्द खोटा नाही हीच अडचण आहे.

मी म्हणालो, 'म्हातारी उघडली एकदाची.'

'काय म्हणते?'

'वरून ठणठणीत, आतून पार गेलीय. पाणी सुटलंय, वास मारतोय. डावी बाजू थंड पडलीय.'

'फुगलीय का?'

'फुगणारच. जागोजागी फुगलीय.'

'वय झालं की हो तिचं. कशाला जीव काढताय? भंगारात घाला. माझ्याकडे नवी आलीय, घेऊन जा. सडपातळ आहे, खाते कमी, आणि आवाज दुप्पट.'

'नवी नको. सवय झालीय हिची. जरा पोट साफ करतो, काय काय बदलता येईल ते बदलतो. बघू किती ओढते ते.'

उघड्या दारातून मला आईंचे हात दिसत होते. सुया थांबल्या. मला वाटलं टाका सुटला असेल. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला (माणसाचं बोलणं मला अजून भिंतीपलीकडून ऐकू येतं). आई लेकीला विचारत होत्या, 'माझी पिशवी कुठं ठेवलीस ग?'

'कशाला?'

'भंगारात जायचंय. रिकाम्या हातानं कशाला जाऊ?'

तुमची मेहुणी तडक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात पळी होती. म्हणाली, 'आईला पोट साफ करून किती ओढते ते बघणार आहात तुम्ही?' मी काही बोलायच्या आत, 'आणि ती सडपातळ कोण?' मला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर मी हसलो, आणि तेही चुकलंच. मग मी आईंचा हात धरून त्यांना आत आणलं, टेबलापाशी उभं केलं, आणि म्हातारीकडे बोट दाखवून म्हटलं, 'आई, ही म्हातारी. ही फुगलीय.' आईंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, डोकं वर आलेल्या एकेका डबड्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, 'माझ्यापेक्षा बरी दिसते की.' तुमची मेहुणी हसली. मी हसलो. टेबलावरच्या फोनमधून फ्यूजदादाही हसला (तो अजून चालूच होता). आई तिथंच स्टुलावर बसल्या आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, 'पण काय हो, एवढं पाणी हिच्या पोटात आलं कुठून?'

साडूसाहेब, त्या घडीला मी 'बघतो' एवढं जरी म्हणालो असतो, तरी आज आई इथं असत्या, तुमचा फोन मला आला नसता, आणि मी हे पत्र न लिहिता जेवून वामकुक्षी घेत असतो. गैरसमज दूर झालेला होता. सगळे हसलेले होते. पण गैरसमज दूर केल्यावर माणसाला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं, आणि त्या भरात मी पांढरी भुकटी बोटावर घेतली, उजेडात धरली, आणि म्हणालो, 'आई, हे मीठ. साधं पाणी असं करत नाही. आता सांगा, त्या सीटवर कोण बसतं, आणि मिठाच्या पाण्याची बाटली कोणाच्या हातात असते?'

फोनमधून फ्यूजदादा म्हणाला, 'बरोबर आहे, मीठच ते.' त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आईंनी ती भुकटी दोन बोटांत चोळून बघितली. मग म्हणाल्या, 'जावईबापू, त्यात साखरही असते. मग हे चिकट का नाही? आणि मुंग्या कुठायत?'

मी म्हटलं, 'मुंग्यांना गाणी आवडत नसतील.' कोणी हसलं नाही. फ्यूजदादानंसुद्धा फोन ठेवला.

आईंनी हातातल्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं, आणि त्या पुढच्या खोलीत जाऊन बसल्या. विणलं नाही. जेवताना मी विषय काढला, तो तसाच राहिला. कोशिंबिरीसारखा, सगळ्यांच्या ताटात आणि कोणी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर दाराशी भाड्याची गाडी. आई माझ्या गाडीत बसल्या नाहीत. निघताना माझ्यासमोर बाटली उलटी धरली, एक थेंब पडत नाही हे मला दाखवलं, आणि म्हणाल्या, 'झाकण घट्ट लावलंय, जावईबापू. बघून घ्या.' तुमच्याकडे पोचल्यावर त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मला वाटतं त्यांनी काहीच सांगितलं नसेल, आणि जे काही तुमच्या कानावर आलं ते ताईंनी आपल्या बहिणीकडून फोनवर काढून घेतलं असेल, सडपातळसकट.

नंतरचं लवकर सांगतो, कारण ते मलाच सांगवत नाही. म्हातारी परत बसवायच्या आधी सीटखालची जागा वाळवावी म्हणून मी गालिचा उचलला. तो पिळून पाणी निघेल इतका ओला. मी कोरडा केला, दारं उघडी ठेवली. मग गाडी घेऊन एका गिऱ्हाइकाकडे जाऊन आलो, परत बघतो तर तेवढाच ओला. बाटली तुमच्या घरी, आणि ओल माझ्या गाडीत. मी गाडीतच बसून एसी सुरू केला, पायाशी वाकलो, हात आत घातला. गार पाण्याची धार माझ्या मनगटावरून बाहीत गेली. साधं पाणी. चिकट नाही, खारट नाही (या वेळी मी चाखून बघितलं, आधी चाखायला हवं होतं).

एसीतून जे पाणी ठिबकतं ते एका रबरी नळीतून गाडीबाहेर जातं. ती नळी भोकातून निसटून आतल्या बाजूला लोंबत होती. निसटून म्हणतो, पण निसटली नव्हती. म्हातारीला वीज पोचवणारी जाड तार इंजिनाकडून आत आणायची होती, भोक एकच होतं, म्हणून कोणीतरी नळी भोकातून काढून, तार घालून, नळी बाजूला टेपनं बांधून ठेवली होती, परत लावायची म्हणून. आणि मग विसरला. मी टॉर्च लावून बघितलं. टेपचं टोक दुमडलेलं होतं.

मी तसाच पायाशी वाकलेला बराच वेळ राहिलो. बाहेरून कोणी बघितलं असतं, तर म्हणाला असता, कानवाल्यांनी गाडीच्या बुडाशी कसला आवाज येतो तो ऐकायला घेतलाय. ती पांढरी भुकटीही मीठ नव्हती. म्हातारीचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आणि सतत ओलीत राहिलं की अ‍ॅल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते. हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकांना मी ते स्वतः सांगतो. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, सासूची चूक दाखवायची संधी समोर आल्यावर मात्र ते आठवलं नाही. बाईमाणूस पायाशी ओल आहे म्हणून सांगत होतं, डावीकडचा गाणारा पाण्यात उभा आहे म्हणून सांगत होतं. यापेक्षा स्वच्छ निदान मला जन्मात कोणी करून दिलेलं नाही. आणि मी पाय गार पडतात म्हणालो.

म्हातारी बरी झाली, हे कळवण्यात आता मला काही आनंद नाही, पण हकीकत पुरी करतो. बुरशी स्पिरिट आणि ब्रशनं घासून काढली (ब्रशाचं वर आलंच आहे). फुगलेली सगळी डबडी काढून नवी लावली. जळलेल्या ट्रान्झिस्टरची जोडी दोन्ही बदलली, कारण एक नवा आणि एक जुना असा संसार चालत नाही. खाल्लेल्या रेघांवर बारीक तारेचे पूल टाकले. नळी जागेवर लावली, तारेला वेगळं भोक पाडलं, आणि म्हातारीला खाली चार रबरी पाय देऊन जमिनीपासून वर उचलली. सुरू केली. दोन्ही बाजू गायल्या. मला तर छान वाटलं. खात्री करावी म्हणून तुमच्या मेहुणीला गाडीत बसवून एक फेरी मारली. आईंच्या सीटवर ती बसली नाही, मागे बसली. सीटवर माझी हत्यारांची पिशवी होती. ती म्हणाली, 'काहीतरी टीटी टीटी वाजतंय.' मी म्हटलं, नवे भाग मोकळे होतायत. ती म्हणाली, 'सीटवर पिशवीचं वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, म्हणून वाजतंय ते.'

दुकानाचं म्हणाल, तर आई गेल्यापासून दिवस बरे नाहीत. केलेल्या गाड्या परत येऊ लागल्यात. एक टॅक्सीवाला म्हणाला, 'कानवाले, बायकोचे दात शिवशिवतात तुमच्या आवाजानं.' दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या (या दुसऱ्या, टॅक्सीवाल्याच्या बायकोचा त्यांच्याशी संबंध नाही), म्हणाल्या, 'बाकी ठीक आहे, पण आमचा कुत्रा गाडीत बसायला तयार नाही.' मी बटणं फिरवली. बाई म्हणाल्या, 'जास्तच झालं.' उलटी फिरवली. म्हणाल्या, 'आता काहीच ऐकू येत नाही.' शेवटी मी त्यांना सांगितलं, की गाडी ठेवून जा, आवाज मुरायला वेळ लागतो. आवाज मुरत नाही, साडूसाहेब. लोणचं आहे का ते? ती गाडी अजून दुकानासमोर उभी आहे, आणि तिच्यासमोर वेताची रिकामी खुर्ची आहे, आणि त्या दोघींच्या मधे बोर्डावरच्या कानाखाली मी उभा असतो.

तर ही दुसरी बाजू. वाचून झाल्यावर शेरा बदलायचा की तसाच ठेवायचा, हे तुमच्यावर. माझं म्हणणं एवढंच, की 'म्हातारी' मी आईंना कधीही म्हणालो नाही, आणि जे खरोखर आईंना म्हणालो, ते त्याहून वाईट होतं. ताईंना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम, आणि आईंना जे काही पोचवता येईल ते पोचवावं. पत्राला गंजाचा डाग लागलाय तो पुसू नका, पसरतो.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. आईंच्या सुया त्यांच्याबरोबर गेल्या, पण त्या विणत होत्या तो स्वेटर इकडे राहिलाय. एक हात पुरा आहे, दुसरा कोपरापर्यंत. माझ्या मापाचा आहे. तो पार्सलनं पाठवून द्या, असं तुमची मेहुणी म्हणते. मी पाठवणार नाही. पाठवला, तर आई तिथंच बसून पुरा करतील.

दुसरा ता. क. आईंना 'परत जाता का' असं विचारू नका. त्या नाही म्हणतील, आणि एकदा म्हटलेलं त्या बदलत नाहीत. त्यांना नुसता या पत्रातला नळीचा भाग वाचून दाखवा. टेपचं टोक दुमडलेलं होतं, ते वाक्य दोनदा वाचा. मग गप्प राहा, आणि ताईंनाही गप्प ठेवा, जमलं तर. सीट कोरडी आहे, हे ओघात सांगा. नंतर त्या आपणहून पिशवी शोधायला लागल्या, तर मला निरोप द्या, मी लगेच न्यायला येतो. हाच पत्राचा खरा हेतू. एवढ्या पानांत तो कुठंच लिहिता आला नाही.

तिसरा ता. क. कुकरबद्दल मी जे लिहिलंय तेवढं मात्र आईंना वाचून दाखवू नका, त्यांना हसू येईल. तुम्हाला सांगतो. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मी कुकरच्या शेजारी पेपर वाचत बसलो होतो. आई आल्या, गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'मला घरी करमत नाही, दुकानात एक खुर्ची ठेवा.' तेव्हापासून गिऱ्हाइकाची गाडी लागली, की मी बटणं फिरवतो आणि आईंच्या सुयांकडे बघतो. सुया थांबल्या, की आवाज टोचतोय. चालू लागल्या, की बरोबर. आमच्यात याबद्दल एक शब्द कधी झालेला नाही, आणि त्यांनी हे लेकींनाही सांगितलेलं नाही. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही.